फ्लेक्समागची बारव

आमच्या हिंगोलीत रोज सकाळी मैदानावर चालणाऱ्यांचं एक मंडळ आहे. या मंडळात चालणं सोडून बाकी सगळं होतं. मैदानाला एक चक्कर झाली की मंडळी कट्ट्यावर बसतात. मग कोणाची साखर वाढली, कोणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली, कोणत्या डॉक्टरनं कोणाचा पाय बिघडवला, यावर ऊन डोक्यावर येईपर्यंत खल चालतो. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. बसल्या जागी काम चालल्याचा देखावा कसा उभा करायचा, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच मी या मंडळात रमले.

मंडळाला अध्यक्षही आहेत. चालायला अध्यक्ष कशाला लागतो, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात. ते निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण प्रार्थनेनंतरचं भाषण काही सुटलं नाही. समोर तीन माणसं उभी दिसली की त्यांचा हात आपोआप माइक धरल्यासारखा वर येतो. त्यांच्या मुलानं पुण्याहून कुठल्याशा 'वारसा फेरी'चे फोटो पाठवले आणि ते पाहून अध्यक्ष कट्ट्यावर गरजले, “पुण्याची माणसं सुट्टी काढून दगड बघायला जातात! आपल्या कयाधूच्या काठाला तर दगडच दगड आहेत!”

हे मात्र खरं होतं.

ठरलं असं, की हिवाळ्यातल्या एका रविवारी कयाधूच्या काठाकाठानं चालत जायचं. वाटेत महादेवाचं जुनं देऊळ, पुढच्या गावातला वीरगळ, त्याच्या पुढच्या गावातली पडकी गढी आणि शेवटी एक जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. बारव बघून संध्याकाळी जीपनं परत. माहिती सांगायला मंडळातले इतिहासकार होतेच. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सगळा महाराष्ट्र यादवांनी बांधला, यावर त्यांची अढळ श्रद्धा. आमच्या मैदानाची मागची भिंतसुद्धा त्यांनी एकदा यादवकालीन ठरवली होती. ती नगरपालिकेनं आमच्या डोळ्यांदेखत बांधली होती, हे सांगून मी त्यांचा विरस केला.

त्या संध्याकाळी घरी भाकरी करताना मी हा सगळा बेत माझ्या मोठ्या जाऊबाईंना हसत हसत सांगत होते. शेवटच्या गावाचं नाव घेतलं आणि भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. घरातला उंबरा ओलांडायचा तरी त्या चौकटीला धरतात. नांदेडच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती आणि वर बजावलं होतं, की नंतर मांडी घालून बसणं बंद, खोल पायऱ्या चढणं-उतरणं तर विसरूनच जायचं. अशी बाई नदीकाठानं तीन गावं चालणार!

“ते माझं माहेर आहे गं,” त्या म्हणाल्या.

हे मला ठाऊक होतं, पण मी पार विसरून गेले होते. कारण त्या माहेरी अलीकडे कधी जातच नव्हत्या. वडील गेले, मग आई गेली. भावानं शेत विकलं, घर विकलं आणि तो पुण्याला गेला. आधी दर नागपंचमीला मुराळी यायचा, म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. कधी वडील स्वतः यायचे, कधी भाऊ. घर विकल्यापासून मुराळी येत नाही, कुरियरनं साडी येते. साडी चांगली असते, पण तिला घेऊन येणारा माणूस दारात सही घेऊन निघून जातो.

“मग जीपनं जाऊन यायचं एखाद्या दिवशी,” मी म्हटलं. “आपल्या इथल्या गोरेगावची जीप त्याच रस्त्यानं जाते.”

“आणि उतरायचं कोणाच्या दारात? वेशीत दिसले की बाया विचारतील, काहून आलीस? काय सांगू? भावाचं घर न्हाई म्हणून झाडाखाली बसायला आले? त्याच्या नावाला बट्टा लागेल.” त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसायचं आणि पाण्यात पाय सोडायचे. बाबा पूजेचं पाणी भरायला जायचे, तेव्हा मी तिथं बसायची. पायाला बारके मासे लुचायचे. एवढं ऑपरेशनच्या आधी करायचंय. तुमच्या घोळक्यातून गेले तर कोणी विचारणार न्हाई. कोणाला सांगू मात्र नको.”

शेवटची ही आठवण त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितली, की मला पुढे थट्टा सुचली नाही. हे क्वचितच होतं.

मोठे दीर रामाच्या देवळाचे पुजारी आहेत. दोन्ही वेळची पूजा त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांना सोबत येता येईना. “चालू दे तिला जमेल तेवढं,” एवढंच ते म्हणाले आणि निघायच्या सकाळी काळजीनं जाऊबाईंच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधून दिल्या. हे मी पाहिलं, हे त्यांना कळू दिलं नाही.

रविवारी सकाळी नदीकाठच्या महादेवाच्या देवळापाशी सगळे जमलो. मंडळानं टी-शर्ट शिवून घेतले होते, केशरी रंगाचे, पाठीवर 'चला, वारसा जपू या'. बायकांनीही साडीवरून तेच घालायचे, असा फतवा. मी आणि जाऊबाईंनी पदर आत खोचून वरून टी-शर्ट चढवले. पदर आत, पोट बाहेर आणि डोक्याला टोपी. जाऊबाईंनी टोपी अगदी भुवयांपर्यंत ओढली. ओळख लपवायला इतकी उत्तम सोय पोलिसांनाही सुचली नसती.

चालायला सुरुवात करण्याआधी चालण्याचं उद्घाटन झालं. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं दिवा विझला, पुन्हा झालं. मग तिथल्या पुजाऱ्याचा सत्कार, त्यानं केलेला अध्यक्षांचा सत्कार आणि अध्यक्षांचं भाषण. नमनालाच घडाभर तेल गेलं. सत्काराच्या शाली मंडळानं सभासदांच्या घरूनच गोळा केल्या होत्या. आमच्या घरून मी ह्यांच्या निवृत्तीची शाल दिली होती. सत्काराच्या जेवणातच ह्यांनी तिच्यावर वरण सांडलं होतं. तो पिवळा डाग कशानंच निघाला नव्हता आणि अशी शाल दान करण्यात मला पुण्य वाटलं.

इतिहासकार देवळाच्या खांबावर हात फिरवून म्हणाले, “यादवकालीन.” या वेळी ते खरंच बरोबर असावेत. पण त्यांचं बरोबर असणं म्हणजे बंद घड्याळाचं बरोबर असणं, म्हणून मी मान डोलावली नाही.

मग एकदाचे चालायला लागलो. कयाधू ही आमची नदी. तिला नाव हिरण्यकशिपूच्या बायकोचं, प्रल्हादाच्या आईचं. नवरा तसा, मुलगा असा आणि मधल्यामध्ये बाईची ओढाताण. नदीचंही तेच आहे. पावसाळ्यात काठची रानं खाते आणि हिवाळ्यात डोहापुरती उरते. पात्रात वाळू उपसलेले खड्डे होते. काठाला हळदीची पिवळी पडत चाललेली पानं, पलीकडे हरभरा. बगळे आमच्याकडे बघून उडालेसुद्धा नाहीत. टी-शर्ट घातलेली माणसं निरुपद्रवी असतात, हे त्यांनी ओळखलं असावं. जाऊबाई माझ्या शेजारून, माझ्या दंडाला धरून चालत होत्या. पाय टाकताना त्यांचा श्वास किंचित अडकायचा, तेवढंच.

पहिल्या गावात वीरगळ होता. मारुतीच्या पाराला टेकून उभा केलेला दगड, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराखाली त्यातला वीर आणि त्याचा घोडा दोघंही एकजीव झालेले. इतिहासकारांनी त्या शेंदरावर बोट ठेवून लढाई समजावून सांगितली. गावकऱ्यांनी चहा आणला. चहा घेतल्याशिवाय आमच्या भागात कोणी कोणाला सोडत नाही. वैऱ्यालाही आधी चहा पाजतात आणि मग भांडतात. चहाबरोबर सत्कार. आम्ही त्यांच्या सरपंचांना शाल घातली, ती नेमकी आमची डागाची. त्यांनी आमच्या अध्यक्षांना दुसरी घातली. मग शिष्टाचार म्हणून ते सरपंच आम्हाला पुढच्या गावापर्यंत सोडायला आले. तिथं त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून त्या गावच्या सरपंचांना पांघरली. तो डाग पुढच्या गावाकडे निघालेला मी पाहिला आणि मला मंडळाचा खरा हेतू उमगला. फिरायला निघालो होतो आम्ही, पण चालत होत्या शाली.

शिवाय जाऊबाईंचं लंगडणं पाहून प्रत्येक ठिकाणी औषधं निघत होती. एरंडाचं पान गरम करून बांधा, मेथी भिजवून खा, एकानं तर बिब्बा घालायला सांगितला. जाऊबाई प्रत्येकाला “करते हं” म्हणत होत्या आणि माझ्याकडे बघून हळूच विचारत होत्या, “किती राह्यलं?”

गढीपाशी पोचेपर्यंत दुपार उतरली होती. गढीचा एक बुरूज शिल्लक होता आणि त्याच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर. तिथली चढण चढताना जाऊबाई मटकन बसल्या. चेहरा पांढरा पडला. मंडळाची जीप मागच्या रस्त्यानं येत होती, तिच्यात बॅनर, पाणी आणि चिवडा. अध्यक्षांनी लगेच जीप बोलावली.

“वहिनी, तुम्ही आता घरी. हट्ट नको. ड्रायव्हर तुम्हाला हिंगोलीत सोडून परत येईल. शिस्त म्हणजे शिस्त.”

जाऊबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. आता काहीतरी बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलून गेले.

“त्यांचा नवस आहे, सर! शेवटच्या गावापर्यंत पायी जायचा. मोडला तर कोणाच्या माथी?”

अध्यक्षांनी जीपच्या दारावरचा हात काढला. गुडघा, डॉक्टर, शिस्त, सगळं मागे पडलं. आमच्याकडे माणसाचं दुखणं कोणीही मोडीत काढतो, पण नवस मोडायची छाती कोणाची नाही. त्यांनी चक्क जाऊबाईंना हात जोडले. एकानं काठी आणून दिली. जाऊबाई उठल्या.

“खोटं बोललीस,” त्या पुढे गेल्यावर म्हणाल्या.

“तुम्ही जाताय कशाला? पाण्यात पाय सोडायला. मग नवस म्हणजे आणखी काय असतं?”

त्या पहिल्यांदा हसल्या. पण नवस आणि अध्यक्ष एकत्र आले म्हणजे गोष्ट दाबून राहणं शक्य नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दहा पावलं पुढे जातो न जातो तोच ते शेवटच्या गावच्या सरपंचांना फोनवर मोठ्यानं सांगत होते, “आमच्यासोबत एक माउली नवसाच्या पायी येऊन राहिल्या. त्यांचा विशेष सत्कार ठेवा!”

जाऊबाईंनी टोपी आणखी खाली ओढली.

गाव आलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. वेशीपासूनच लाउडस्पीकर ऐकू येत होता. जाऊबाईंची चाल बदलली. मी दंड पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. वाट त्यांना पाठ होती. कडुलिंबापाशी वळायचं, पिठाची गिरणी, मग उतार. एका मोठ्या पक्क्या घरासमोर त्या क्षणभर थांबल्या. “हे आमचं,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. मग म्हणाल्या, “होतं.” ते घर आता सरपंचांचं होतं. जुनं पाडून त्याच जागेवर त्यांनी नवं बांधलं होतं.

उताराच्या खाली बारव. म्हणजे असायला हवी होती. तिथं होता मंडप. मंडपवाल्याला गावात सपाट जागा सापडली ती एकच, बारवेच्या तोंडापुढची फरशी. त्यानं स्टेज तिथंच टाकलं होतं. बारवेत उतरायच्या पायऱ्यांचा दरवाजा नेमका स्टेजच्या पाठीमागे, आणि त्या दरवाजावर बांबूला बांधून हा एवढा मोठा फ्लेक्स लावलेला: 'वारसाप्रेमींचे सहर्ष स्वागत'. एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला आमचे अध्यक्ष, वर आणखी दहा-बारा चेहरे आणि मधोमध बारवेचा फोटो. बारव बघायला निघालेल्या माणसांना बारव दिसू नये, यासाठी गावानं रात्रंदिवस मेहनत घेतली होती.

फोटोही नेटवरून काढलेला. कुठल्यातरी राजस्थानातल्या बारवेचा. नक्षीदार पायऱ्यांच्या रांगाच रांगा, मागे घुमट आणि कोपऱ्यात एक उंट.

इतिहासकारांनी चष्मा नीट केला, खुर्चीवरूनच फोटोकडे हात केला आणि माइकवर म्हणाले, “समोर आपण पाहत आहातच. संपूर्ण यादवकालीन रचना. त्या काळी कयाधूच्या खोऱ्यात उंटांचा मोठा व्यापार होता, हे उंटावरून सिद्ध होतं.”

समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, “असंल बा, निजामाच्या टायमाला.” उंटावरचा शहाणा मी म्हणीतच ऐकला होता, त्या दिवशी माइकवर ऐकला.

सत्कार सुरू झाले. एकेकाचं नाव, हार, शाल, नारळ, फोटो. हार घालताना फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा हार. ऊन स्टेजच्या कडेवरून सरकत चाललं होतं. जीपचा ड्रायव्हर लांबून घड्याळ दाखवत होता. अंधाराच्या आत निघायचं ठरलेलं. मी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली, आधी बारव बघू. त्यांनी ती वाचून खिशात घातली आणि भाषणाला उभे राहिले.

जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पारवे फ्लेक्सच्या मागून उडत वर येत होते आणि पुन्हा आत जात होते. त्या तिकडेच बघत होत्या. मला अध्यक्षांचा, मंडपवाल्याचा, त्या उंटाचासुद्धा इतका राग आला, की हातातला कागदी कप मी चुरगळून टाकला. ही बाई मरणाचं दुखणं घेऊन दिवसभर चालली आणि पाण्यापासून एका फ्लेक्सवर अडली होती.

“आता ज्या नवस बोलून पायी आल्या,” अध्यक्ष म्हणाले, “त्या आमच्या वहिनींनी मंचावर यावं!”

टाळ्या झाल्या. जाऊबाई उठल्या. काठी टेकत स्टेजवर चढल्या. सरपंचांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. पिवळा डाग. आमची शाल तीन गावं हिंडून आमच्याच घरात परत आली होती. हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, “इकडं बघा, बाई.” बाईंनी तिकडं बघितलं नाही. त्या वळल्या, स्टेजच्या मागच्या कडेला गेल्या, फ्लेक्सची खालची दोरी काठीनं उचलली आणि अध्यक्षांच्या छापील चेहऱ्याखालून वाकून आत गेल्या.

अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, कार्यक्रम अजून...” आणि फ्लेक्स पुन्हा जागेवर येऊन हलत राहिला.

मी स्टेजवर उडी मारली असं म्हणायला हरकत नाही. फ्लेक्स उचलून मागे गेले तो आत गार सावली. पायऱ्या सरळ खाली उतरत गेलेल्या, कोनाड्यात झिजलेला देव, भिंतींतून उगवलेला पिंपळ. उंट नव्हता. जाऊबाई भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या. मी त्यांना हात दिला नाही. तो त्यांना नको होता.

शेवटच्या पायरीवर त्यांनी शाल अंथरली, कशाबशा बसल्या, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या हसायला लागल्या.

“आहेत गं अजून. लुचायला लागले.”

मी पाण्यात वाकून पाहिलं. बोटाएवढाले मासे त्यांच्या सुजलेल्या पायांना चिकटले होते. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

वर लाउडस्पीकर पुन्हा सुरू झाला होता. पण पायऱ्यांवर पावलं वाजली. गावातल्या बाया फ्लेक्सखालून वाकून एकीमागून एक उतरत होत्या. सगळ्यांत पुढे सरपंचांची म्हातारी आई, दोन सुनांना धरून. ती जाऊबाईंच्या समोर आली, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

“कोनाची गं तू?”

जाऊबाईंनी वडिलांच्या घराण्याची ओळख सांगितली. पूजेचं पाणी न्यायचे ते, असं सांगितलं.

“तरीच!” म्हातारी बायांकडे वळली. “मी म्हनलं न्हवतं? पाव्हणी कुठली, ही तर आपली पोरगी हाय! पाव्हणी असती तर मधल्या पायरीवरच थांबली असती. शेवटच्या पायरीवर ह्याच घरची लेकरं बसायची.” मग तिनं तोच प्रश्न विचारला, ज्याला जाऊबाई इतकी वर्षं भ्यायल्या होत्या. “भाऊ काहून न्हाई आला?”

“त्यानंच धाडलं,” जाऊबाई म्हणाल्या. “म्हणाला, माझ्याच्यानं यायला होत न्हाई, तू जाऊन ये.”

भावानं घर कसं विकलं आणि त्यानंतर किती वेळा गावाचं तोंड पाहिलं, हे त्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

“व्हय, चांगलंच हाय ते लेकरू,” म्हातारी म्हणाली. “आता ऊठ. ओटी भरल्याबगर लेक वेशीबाहेर जात न्हाई.”

पण ओटी घ्यायची कशात? पदर टी-शर्टच्या आत. दोन बायांनी मिळून जाऊबाईंचा तो केशरी टी-शर्ट डोक्यावरून काढला, तेव्हा पायऱ्यांवर इतका हशा झाला की पारवे उडाले. पदर बाहेर आला, चुरगळलेला, घामानं ओला. जवळच्या घरातून एकीनं ओंजळभर गहू आणि हळदीकुंकवाचा करंडा आणला, एकीनं स्वतःचा नवा खण. नारळ होताच, सत्काराचा. पाहुणी म्हणून वर दिलेला नारळ खाली लेकीच्या पदरात पडला.

“आता चालत नको येऊ,” म्हातारी म्हणाली. “तकलीफ काहून करून घ्यायची? जीपनं ये, माझ्या दारात उतर. जागा तुमचीच हाय, भिंती तेवढ्या आमच्या. पंचमीला मुराळी धाडते.”

बाया जाऊबाईंना दोन्हीकडून धरून एकेक पायरी वर घेऊन आल्या. फ्लेक्स उचलून बाहेर आलो, तेव्हा अध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांसमोर वारशाचं महत्त्व सांगत होते. बायकांच्या बाजूला एक झोपलेलं कुत्रं सोडून कोणी नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये अध्यक्ष नाराज होते. “शिस्त नाही राहिली. वेळेअभावी बारव बघायची राहून गेली. पुढच्या फेरीत घेऊ.”

“हो ना,” जाऊबाई म्हणाल्या. “राहिलीच.” त्यांच्या साडीचा काठ ओला होता आणि पदरात गहू होते.

ऑपरेशन नीट झालं. नांदेडच्या डॉक्टरनं पुन्हा बजावलं, खोल पायऱ्या आता विसरायच्या. “झाल्या माझ्या उतरून,” जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टरला वाटलं, भूल अजून उतरली नाही.

पंचमीचं मात्र मी मनावर घेतलं नव्हतं. कचेरीत आयुष्य गेलेल्या बाईला 'धाडते', 'पाठवते', 'बघते' या शब्दांचा अर्थ चांगला कळतो. बारवेत असताना माणसाला भरून येतं आणि तो काहीबाही बोलतो. वर्ष सरतं, कामं असतात. उगाच आशा लागायला नको, म्हणून मी जाऊबाईंपुढे तो विषयही काढला नाही. त्यांनीही काढला नाही. कुरियरनं साडी आली, मी सही करून घेतली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सरपंच उतरले. हातात पिशवी, पिशवीत सवयीप्रमाणे शाल आणि नारळ. मला बघून जरा लाजले.

“आईनं धाडलंय,” ते म्हणाले. “ताईला न्यायला आलो.”

“अहो, पण आधी फोन तरी करायचा,” मी गडबडले. “त्यांचं काही आवरलेलं नसेल, औषधं आहेत, डॉक्टरला विचारायला...”

आतून काठीचा आवाज आला. जाऊबाई मधल्या दारात उभ्या होत्या. अंगावर भावाची कुरियरनं आलेली नवी साडी, वेणी घातलेली. पायाशी भरलेली पिशवी, तिचं तोंड दोरीनं बांधलेलं. कधी भरली कोण जाणे. दोन दिवसांपूर्वी मी त्या खोलीत केर काढला होता, तेव्हा पलंगाखाली काहीतरी होतं खरं.

“मुराळी आलाय गं,” त्या म्हणाल्या. “चहा टाक.”